मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ब्लूज, जॅझ आणि हार्ड रॉक या तिन्हींसाठी गिटारचा एकच ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) कोणता घ्यावा?

माझं मत स्पष्ट आहे: दोन चॅनेल (एक स्वच्छ आवाजाचा, एक खरखरीत), इफेक्ट्स लूप (इफेक्ट पेडल जोडायची वेगळी सोय) आणि पॉवर कमी करायची सोय असलेला २० वॉटच्या आसपासचा कॉम्बो, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला, घ्या. मार्शल डीएसएल२० तसाच आहे. त्यात ईएल३४ प्रकारच्या पॉवर ट्यूब आहेत आणि तो १० वॉटवरही चालतो. पण वॉट अर्धे केले तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलनेच उतरतो, त्यामुळे शेजाऱ्यांसाठी मास्टर व्हॉल्यूमच (एकूण आवाज कमी-जास्त करायचं बटण) खरा कामाचा.

जॅझ आणि ब्लूज जास्त वाजवत असाल तर फेंडर ब्लूज ज्युनियर बघा. १५ वॉट, चॅनेल एकच, म्हणून रॉकसाठी डिस्टॉर्शन पेडल (आवाज खरखरीत करणारं, पायाने चालू-बंद करायचं यंत्र) लागेल. तरीही मी आधी क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शन नसलेला आवाजच ऐकेन. तो गोड असेल तर पेडलने बाकी सगळं जमतं, उलटं होत नाही.

धोबी तलावला फुर्टाडोज या वाद्यांच्या दुकानात स्वतःची गिटार नेऊन, घरी वाजवता तेवढ्याच आवाजात वाजवून बघा. अमेरिकेतून कुणी आणणार असेल तर व्होल्टेज आधी विचारा, तिकडचा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० वर थेट लावला की जळेल. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूब आणि स्पीकर यांना जोडणारा भाग) जळू शकतो.