फ्लुरोसन्स मोजायला शिकताना

फ्लुरोसन्स म्हणजे पदार्थाने प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीच्या प्रकाशाने चमकणं. सुरुवात क्विनाइन सल्फेटपासून कर, पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये. ३५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकून एक्साइट केलंस की ४५० च्या आसपास छान निळा पीक (आलेखातला उंचवटा) मिळतो. हायड्रोक्लोरिक मात्र घेऊ नकोस, क्लोराइड ही चमक मारून टाकतो.

सिग्नल कमी आला की नवी मुलं द्रावण आणखी घट्ट करतात, आणि आकडा कधीकधी उलट खाली येतो! कारण प्रकाश क्युवेटच्या (द्रावण ठेवायच्या छोट्या चौकोनी नळीच्या) पुढच्या भागातच शोषला जातो, डिटेक्टर बघत असतो मधला भाग. म्हणून आधी यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ॲब्सॉर्बन्स, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते, बघ. ३५० ला तो ०.०५ च्या जवळपास ठेव, ०.१ च्या वर नकोच.

क्युवेट चारही बाजूंनी पारदर्शक हवी. धरायची वरच्या काठाला.

ब्लँकचा (क्विनाइन न घातलेल्या नुसत्या पातळ ॲसिडचा) स्पेक्ट्रम घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यात ३९७ च्या सुमारास बारीक उंचवटा दिसेल, तो पाण्याचा रामन पीक, म्हणजे पाण्याने विखुरताना तरंगलांबी बदललेला प्रकाश (हो, आपले सी. व्ही. रामनच). खात्री करायची तर एक्सायटेशन ३४० ला आण. रामन लगेच ३८४ कडे सरकेल, क्विनाइनचा पीक जवळपास जागचा हलणार नाही. आणि ७०० ला टोकदार रेघ दिसली तर खूश होऊ नकोस, तो ग्रेटिंगमधून (प्रकाशाच्या तरंगलांबी वेगळ्या करणाऱ्या भागातून) आलेला ३५० चाच दुसरा ऑर्डर आहे, म्हणजे ३५० चाच प्रकाश दुप्पट आकड्यावर दिसतोय.