आधी एकच पदार्थ, सोबत वही
अगं, मुलाला खाण्यातलं काहीतरी बाधतंय असा संशय आहे म्हणून दूध, गहू, अंडी, शेंगदाणे सगळं एकदम बंद करू नकोस. मी घाईत तेच केलं. लेकीचं वजन घटलं आणि नेमकं काय बाधतं ते कळलंच नाही. मुलांच्या डॉक्टरांशी बोलून एकाच पदार्थापासून सुरुवात कर.

समजा दूध. दोन ते चार आठवडे पूर्ण बंद, म्हणजे दही, ताक, पनीर, तूपसुद्धा. बिस्किटं-पावाच्या पाकिटावर दूध पावडर, व्हे, केसिन (ही दोन्ही दुधातलीच प्रथिनं) हे शब्द शोध. आजी-आजोबांना आधीच विश्वासात घे, नाहीतर पेढा हळूच हातावर पडतो. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी दे. वहीत रोज लिही: काय खाल्लं, किती वाजता, शी कशी झाली, पुरळ, झोप.

मग दूध पुन्हा सुरू करायचं. मूल बरं दिसतं म्हणून ही पायरी गाळावीशी वाटते, पण त्याशिवाय दूधच कारण होतं हे ठरत नाही. थोडंसं दे, दोन-तीन दिवस बघ. सर्दी-तापात नको.

मात्र खाल्ल्यावर लगेच गांधी उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं एकदाही झालं असेल, तर हे घरी मुळीच करू नकोस. ती तपासणी रुग्णालयात, डॉक्टरांसमोरच.