बोटींचे ऑनलाइन रिव्ह्यू खरे असतात का? त्यांच्यावर विसंबून सोळा फुटी फायबरची बोट घ्यावी का?

तुम्ही विचारलंय: घरची सात माणसं, चांदोदला नर्मदेत आणि सिंधरोटला महीत फिरायचं, सोळा फूट बाय सहा फुटाची फायबरची उघडी बोट आणि ४० एचपीचं इंजिन मनात आहे, रिव्ह्यू सगळीकडे साडेचारच्या वर. घेऊ का?

रिव्ह्यू बहुतेक खरे असतात आणि तुमच्या कामाचे नसतात. रिव्ह्यू नव्या, रिकाम्या, कोरड्या बोटीचा असतो. तुम्ही वापरणार भरलेली, भिजलेली आणि चार पावसाळे उन्हात उभी राहिलेली बोट. मधलं अंतर कुणीच मोजत नाही, आणि सगळी भानगड तिथेच असते.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या शेडमध्ये अशीच एक सोळा फुटी आली होती. तक्रार एवढीच की पूर्वीसारखी उचलत नाही. मालकाने ती एका व्हिडिओवरून घेतलेली, आणि व्हिडिओवाला माझ्या ओळखीचा, म्हणून त्यातलं वाक्य पाठ आहे: "वजनाला हलकी, पिकअप जबरदस्त." पाच वर्षांनी बोट उघडल्यावर काय निघालं ते क्रमाने सांगतो, कारण जुनी बोट बघायला गेलात तर तुम्हालाही याच क्रमाने जायचं आहे.

आधी वजन. इंजिन, टाकी, बॅटरी, नांगर काढून ठेवायचे, बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर न्यायची, मग रिकामा ट्रेलर परत तोलायचा. ब्रोशरमध्ये रिकाम्या बोटीचं वजन ३२० किलो होतं, काट्यावर ४१० निघालं. ट्रकचा काटा दहा-वीस किलो इकडेतिकडे करतो, नव्वद नाही. आमचा कारागीर पावती बघून म्हणाला, "साहेब, आ होडी तो पाणी पी गई छे." पुढचं सगळं म्हणजे ते पाणी कुठून आलं आणि कुठे बसलं याचा शोध.

मग ठोकून बघणं. मोठी हातोडी नको, स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने दर चार बोटांवर ठोकत जायचं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, जिथे थर सुटलेत किंवा आतला प्लाय कुजलाय तिथे बद्द. मागच्या फळीवर, म्हणजे जिच्यावर इंजिन लटकतं त्या ट्रान्समवर, खालचा तिसरा हिस्सा बद्द बोलत होता. आतल्या बाजूने, तळापासून चार बोटं वर ६ मिमीचं भोक पाडलं. ड्रिलच्या बिटवर ३० मिमीवर टेप गुंडाळा, नाहीतर बाहेरच्या कातडीतून आरपार जाल. कोरडा प्लाय पिवळट भुसा देतो. इथे चहाच्या चोथ्यासारखा ओला काळा गोळा बिटला चिकटून आला, वासही कुजका.

कारण इंजिनचे चार बोल्ट. भोकं थेट प्लायमधून आरपार, भोकाच्या आतल्या भिंतीला रेझिनचा, म्हणजे काचेचे थर चिकटवणाऱ्या राळेचा, थेंब नाही, वरून बाथरूमचं सिलिकॉन. बरोबर पद्धत अशी की भोक आधी मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं आणि पॉलियुरेथेन सीलंटमध्ये बोल्ट बसवायचा. चार बोल्टांचं काम, दोन दिवस, त्यातला बराचसा वेळ नुसतं वाळायची वाट बघण्यात. हे वाचवलं म्हणून पाच वर्षांनी अख्खा ट्रान्सम बदलावा लागला.

मग फोम. तळाच्या लांब कण्यांमध्ये, म्हणजे स्ट्रिंगरमध्ये, पीयू फोम ओतलेला असतो, बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून. एक घनफूट कोरडा फोम सुमारे २७ किलो उचलतो. या बोटीत नऊएक घनफूट होता, म्हणजे २४० किलोंचा आधार. त्यातला तिसरा हिस्सा स्पंजसारखा पिळता येत होता. जास्तीचे नव्वद किलो बहुतेक इथेच सापडले. आधार उरला १६० किलो, आणि तेवढ्यात बुडालेल्या फायबरचा भार, इंजिन आणि काठाला धरलेली माणसं. हिशेब तुम्हीच करा.

शेवटी तळ. खोली मोजायच्या यंत्राचं जुनं फिटिंग काढायचंच होतं, तर त्या जागी होल-सॉने ५० मिमीची चकती काढून घेतली. जाडी ३.६ मिमी, त्यात अर्धा मिमी जेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत थर. म्हणजे तीन थर, कारण मॅटचा, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचा, चौरस मीटरला ४५० ग्रॅमचा एक थर हाताने घातला की साधारण एक मिमी बसतो. एवढ्या बोटीच्या तळाला आम्ही पाच-सहा मिमी धरतो आणि मध्ये एखादी तरी ६०० ची रोव्हिंग, म्हणजे विणलेलं काचेचं कापड. जेलकोट घासून चकती तोलली, साडेआठ ग्रॅम. मग ती उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून टॉर्चने जाळली (धूर वाईट असतो, घरात हा प्रयोग करू नका). रेझिन जळून जातं, काच उरते, आणि मॅटचे थर पत्त्यांसारखे सुटे होतात. मोजले, तीनच. पण त्यांचं वजन भरलं १.८ ग्रॅम. तीन थर ४५० चे असते तर त्या चकतीत २.६ ग्रॅमच्या वर काच निघाली असती. १.८ हा हिशेब ३०० ग्रॅमच्या मॅटचा. म्हणजे मॅट हलकी वापरली आणि जाडी रेझिनने भरून काढली. हाताच्या कामात वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास काच हवी, इथे एकवीस. असा तळ लाटेवर पत्र्याच्या डब्यासारखा आतबाहेर होतो आणि स्ट्रिंगरच्या कडेने त्याला बारीक चिरा पडतात. फोमला पाणी पाजलं ते त्याच चिरांनी.

आता व्हिडिओवाल्याने खोटं काय सांगितलं? काहीच नाही. मॅट वाचवलेली बोट हलकी असणारच. दोन माणसं आणि कोरडा फोम असताना पिकअप जबरदस्त असणारच. माझं दुखणं नेमकं तिथेच आहे. तो म्हणतो, चाचणीला दिलेल्या बोटीला मला कोण भोक पाडू देईल? मान्य. पण वजनकाट्याला भोक लागत नाही. आणि "हलकी" हा शब्द फायबरच्या बोटीची स्तुती म्हणून वापरायच्या आधी का हलकी, एवढं विचारावं माणसाने. व्हॅक्यूम लावून, रेझिन कमी आणि काच जास्त ठेवून हलकी केलेली बोट वेगळी, आणि काच चोरून हलकी केलेली वेगळी. कॅमेऱ्यात दोन्ही सारख्याच चमकतात.

तुमच्याकडे वळतो. तुमच्या मापाच्या बोटीला सात माणसं जास्त होतात. क्षमतेची पाटी नसलेल्या लहान बोटीसाठी अमेरिकन कोस्ट गार्डचा साधा आडाखा आहे: फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले १५. सोळा सक शहाण्णव, भागिले पंधरा, ६.४. वरचे दशांश सोडून द्यायचे. सहा, तेही शांत हवेत. मुलं लहान असली तरी डोकी मोजा, कारण मुलं एका बाजूला धावतात. आणि पाटी असेल तर तिच्यावरचा आकडा अंतिम. विकणारा म्हणेल, "अहो, आम्ही दहा-दहा बसवतो."

बडोद्यात राहून हे मी वेगळं सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. अशा तलावांच्या रेटिंगमध्ये लोक तिकीट, पार्किंग, स्वच्छता आणि फोटो कुठे चांगले येतात ते लिहितात. किती माणसं बसवली आणि किती जणांच्या अंगात जॅकेट होतं, हे लिहिलेला रिव्ह्यू शोधून दाखवा.

वेगाच्या आकड्यांचं मात्र घरबसल्या तपासता येतं. इंजिनचा आरपीएम भागिले गिअरचं प्रमाण, गुणिले पंख्याचा पिच, म्हणजे न घसरता एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे जातो ते अंतर. ५६०० आरपीएम, गिअर २:१, पिच १३ इंच धरा: पंखा मिनिटाला २८०० फेरे, ३६,४०० इंच, म्हणजे ताशी साडेपंचावन्न किलोमीटर. हे पंखा पाण्यात अजिबात घसरला नाही तर. प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के घसरतोच, म्हणून अठ्ठेचाळीस-पन्नास. त्याच आकड्यांवर कुणी साठ लिहिलं असेल, तर एक तर तो प्रवाहाबरोबर गेला किंवा ब्रोशर वाचत होता. आणि ज्या रिव्ह्यूत आरपीएम, पिच, माणसं आणि टाकीतलं पेट्रोल यांतलं काहीच नाही, तो वेगाच्या बाबतीत कचऱ्यात टाका.

हे चार आकडे एवढ्यासाठी हवेत की सहा माणसं बसल्यावर तेच इंजिन ५६०० गाठणार नाही, ४७००-४८०० ला अडकेल आणि बोट नाक वर करून पाणी ढकलत राहील. असं सतत चालवलं तर इंजिनची वाट लागते. उपाय पिच कमी करणं, एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. वेग थोडा जातो. तुम्हाला रेस लावायची नाहीये.

चाचणी स्वतः घ्या, गुडघाभर पाण्यात, काठाजवळ, बोटीत कुणी नसताना. पाण्याचे वीस लिटरचे जार भाड्याने मिळतात, एक जार वीस किलो. सहा माणसांचे ४५० किलो म्हणजे बावीस-तेवीस जार. आधी समान ठेवा, मग निम्मे एकाच बाजूच्या काठाला सरकवा आणि बुडत्या बाजूला काठ व पाणी यांत किती अंतर उरतं ते मोजा. वीतभरसुद्धा उरत नसेल तर विषय संपला. जार तळाशी बसतात आणि माणसं बाकावर, म्हणजे खरी परिस्थिती जारपेक्षा वाईटच. मग तशीच भरलेली बोट तासभर उभी ठेवून तळात पाणी किती येतं ते बघा. चार मीटर बाय दीड मीटरच्या तळात नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं तर ते साठ किलो होतं, आणि बोट कलली की सगळं एकदम त्या बाजूला पळतं.

रिव्ह्यू कशाला उपयोगी पडतात? पाणी तोंडावर उडतं का, बाक टोचतो का, सुकाणू जड आहे का, सुटे भाग बडोद्यात मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात, याला. दोन वर्षं वापरलेल्या माणसाने तीन तारे दिले असतील तर ते वाचा, आणि त्याने पंप, इम्पेलर, ड्रेन प्लग असे शब्द वापरलेत का बघा. महीचा गाळ इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, खातो. मागून पडणारी पाण्याची पिचकारी बारीक झाल्याची तक्रार करणाराच खरा मालक. गठ्ठ्याने विकत घेतलेले रिव्ह्यू लिहिणाऱ्यांना पिचकारी म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. अशा खोट्या रिव्ह्यूंसाठी सरकारने २०२२ मध्ये आयएस १९००० हे भारतीय मानक काढलंय, पण ते ऐच्छिक आहे, तेव्हा त्यावर फार विसंबू नका.

उशिरा सुचलेल्या दोन गोष्टी. वर सांगितलेली भोकं आणि चकत्या मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पाडू नका, आणि पाडलीत तर लगेच इपॉक्सीने बुजवा. नव्या बोटीला भोक पाडायची गरज नाही. मोल्डमध्ये काम चालू असताना कारखान्यात जाऊन मॅटच्या रोलवरचं लेबल बघू द्या म्हणा, ३०० की ४५०. नाही म्हणाले तर दुसरा कारखाना. दुसरी गोष्ट, चांदोदला वरून पाणी सोडलं की प्रवाह बदलतो आणि रेतीचे पट्टे सरकतात, म्हणून तिथल्या नावाड्याला विचारल्याशिवाय इंजिन टाकू नका.

त्या व्हिडिओचं म्हणाल तर तो अजून तसाच आहे. मी त्याला गेली दोन वर्षं एवढंच सांगतोय की खाली एक ओळ टाक: दोन माणसं, अर्धी टाकी, पिच तेरा, वजन तोललेलं नाही. तो म्हणतो, अशाने कोण बघेल.