नेम नंतर, आधी ठिपके बघ

लातूरच्या मित्रा, तू लिहिलंयस की तुझ्या चेंडू फेकणाऱ्या रोबोचा कॅमेरा चार मीटरवरून टोपलीवर बरोबर थांबतो, तरी चेंडू कधी डाव्या कडेला आदळतो, कधी उजव्या. टरेटसाठी, म्हणजे नळी डावी-उजवीकडे वळवणाऱ्या फिरत्या बैठकीसाठी, मोठा सर्वो (ठरलेल्या कोनात फिरणारी मोटर) घेऊ का, असं विचारतोस. घेऊ नकोस. पैसे राहू दे.

आधी टरेट सी-क्लॅम्पनं आवळून टाक, म्हणजे नेम लावणारा भाग बाद झाला. चेंडूला ओला गेरू चोळ आणि चार मीटरवरच्या भिंतीवर वीस वेळा मार. आवळलेल्या टरेटमधूनही ठिपके आडवे पसरले, तर सर्वो काय करणार? चेंडू फेकणाऱ्या दोन चाकांचा वेग एकसारखा नाही, नाहीतर चेंडू मधोमध शिरत नाही. ठिपके गोळा झाले, तर मात्र दोष टरेटचा.

2022 ला रोबोकॉन या रोबो स्पर्धेचा विषय लगोरी होता. आम्ही आठ दिवस नुसता कोड बदलत बसलो. शेवटी वाळूजच्या एका लेथवाल्यानं मोटर बंद ठेवून नळीचं टोक दोन बोटांनी हलवलं. तीस सेंटीमीटरची नळी, टोक अर्धा सेंटीमीटर आरामात डुलत होतं. "प्ले गिअरमधी नाही, बेअरिंगमधी हाय," म्हणाला. प्ले म्हणजे सैलपणा. अर्धा सेंटीमीटर म्हणजे जवळपास एक अंश, आणि चार मीटरवर एक अंश म्हणजे सात सेंटीमीटर! कोडमध्ये हे दिसणार कुठून? एकाच बेअरिंगवर सगळा भार होता. खाली दुसरं टाकलं. गिअरच्या दातांत उरलेल्या प्लेसाठी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, टरेटला कायम एकाच बाजूला ओढणारी. दात एकाच अंगानं टेकून राहतात. टरेट पूर्ण गोल फिरवायचं असेल तर हा जुगाड चालत नाही, पण तुला अर्ध्या फेऱ्याच्या पुढं लागतंय कशाला?

ठिपके वर-खाली लांबले तर वेग बघ. वेग एक टक्का चुकला की पल्ला साधारण दोन टक्के चुकतो. तीन सेलची लिपो बॅटरी भरलेली असताना 12.6 व्होल्ट देते, उतरत 11 च्या आसपास येते; नुसत्या पीडब्ल्यूएमवर (मोटरची वीज झपाट्यानं चालू-बंद करून वेग ठरवणं) चाक सोडलंस तर सकाळचा नेम दुपारी टोपलीच्या अलीकडे पडणारच. एन्कोडर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा सेन्सर, लाव. प्रत्येक चेंडूनंतर चाकाचा वेग पडतो, तो परत आल्याशिवाय पुढचा चेंडू आत सोडू नकोस.

गेरूच्या ठिपक्यांचा फोटो टाक, मग सर्वोचं बघू.