शाळेत मानसिक आरोग्यासाठी वर्षाला एक कार्यशाळा आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक, एवढं पुरेसं आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पालक-शिक्षक संघात आहात, शाळेनं १० ऑक्टोबरला कार्यशाळा आणि दर आठवड्याला एकदा येणारा समुपदेशक असं ठरवलंय, यजमानांच्या कंपनीतही असलंच काहीतरी सुरू झालंय, आणि एवढ्यानं भागतं का. नाही भागत. उत्तर इथंच संपलं असतं. पण मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, आणि या विषयावरून आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांशी माझं जे वाजलं ते अजून निवलेलं नाही. तेव्हा लांबण लागणार, आधीच सांगते.

कार्यशाळेचं पहिल्यांदा उरकते. आमच्याकडे त्या होतात. पाहुणे येतात, शाल-श्रीफळ होतं, 'सकारात्मक विचार करा' होतं. नववी-दहावीची मुलं पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून बसतात, मागच्या रांगेत सतरंजीचे धागे उसवणं चालू असतं, शेवटी सगळ्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायचा. फोटो निघतो, ग्रुपवर पडतो, विषय मिटला. ब्रिटनमध्ये 'माइंडफुलनेस'चा, म्हणजे मन आत्ताच्या क्षणावर ठेवायला शिकवण्याचा, मोठा प्रयोग झाला होता, ८५ शाळा आणि आठ हजारांवर मुलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. शाळेत एरवी जे शिकवलं जातं त्याच्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही जास्तीचा फायदा दिसला नाही. तिथं तर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांनी रीतसर दहा धडे घेतले होते. आपल्याकडे पाऊण तास, त्यातला निम्मा सत्कारात.

आता पेटी. शाळेत तक्रारपेटी असलीच पाहिजे हा शासनाचा आदेश आहे, तुमच्याही शाळेत असणार. आमची मुख्याध्यापकांच्या कार्यालयाबाहेर, दाराला लागून होती. वर कॅमेरा. किल्ली सरांच्या टेबलाच्या खणात. समोर बाकावर शिपाईमामा. अशा पेटीत कोण काय टाकणार? वेफर्सची रिकामी पाकिटं, चघळलेलं च्युइंगम, आणि एकदा सुवाच्य अक्षरात 'आमची शाळा मला खूप आवडते', जी बहुधा तपासणीच्या आदल्या दिवशी कुणीतरी लिहवून घेतली असावी. नोंदवहीत महिनोन्‌महिने 'तक्रार निरंक'.

मी म्हटलं, सर, ही पेटी ग्रंथालयाकडच्या जिन्याच्या वळणावर लावू या. तिथं कॅमेरा नाही, येणं-जाणं असतं, कुणी थांबलं तरी वेगळं दिसत नाही. सर म्हणाले, "पेटी दर्शनी भागात पाहिजे. फोटो पाठवावा लागतो." मी म्हटलं, फोटो काढून झाल्यावर हलवू. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे विषय संपला असं समजायचं असतं.

पुढे ते प्रदीर्घ रजेवर गेले आणि प्रभारी म्हणून ज्या बाई आल्या त्यांनी एका वाक्यात परवानगी दिली. पेटी जिन्यात गेली. किल्ली एक माझ्याकडे, एक ग्रंथपालांकडे, उघडायची दोघींनी मिळून. वर्गावर्गात जाऊन एवढंच सांगितलं की नाव लिहायची सक्ती नाही आणि चिठ्ठी कुणाची हे आम्ही अक्षरावरून शोधणार नाही.

चिठ्ठ्या यायला वेळ लागला. मुलं आधी पारख करतात. पहिल्यांदा आली ती मुलींच्या स्वच्छतागृहाची. मधल्या दाराला आतून कडी नाही, म्हणून एकीनं बाहेर उभं राहायचं, म्हणून एकटीनं जायचं नाही, म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. माझ्या तासाला शेवटच्या बाकावर ज्या दोघी-तिघी रोज डोकं धरून बसायच्या त्यांचं कारण मला तेव्हा कळलं. कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळाली, किंमत लिहायलाही लाज वाटते. मग संध्याकाळच्या एसटीची: गाडी फाट्यावर थांबत नाही, मग पुढची येईपर्यंत स्टँडवर काही पोरं त्रास देतात. मग घरातली भांडणं, दारू, बहिणीचं ठरलेलं लग्न. आणि एक, जी मी वहीत जपून ठेवलीय, पेन्सिलनं लिहिलेली: "सर पेपर खालून वाटतात. माझं नाव पहिलं येतं."

ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांच्यासाठी: चाचणीचे पेपर तपासून झाले की सर्वांत कमी गुणांपासून एकेक नाव पुकारायचं, आकडा मोठ्यानं सांगायचा, पोरानं उठून समोर यायचं. कित्येक शाळांत चालतं, आम्ही शिकलो तेव्हाही चालायचं. त्या एका ओळीनंतर तशाच आशयाच्या आणखी चिठ्ठ्या आल्या, अक्षरं वेगळी, वर्गही वेगळे.

मी हे शिक्षकांच्या बैठकीत काढलं, नाव न घेता. तोवर सर रजेवरून परत आले होते. ते म्हणाले, मुलांना लाज वाटली पाहिजे, त्याशिवाय पुस्तक उघडत नाहीत. मी शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ वाचून दाखवलं. त्यात शारीरिक शिक्षेच्या जोडीला मानसिक छळालाही मनाई आहे. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवा, सायकॉलॉजी राहू द्या." लोक हसले. हसणाऱ्यांत दोघे तर असे होते ज्यांची स्वतःची मुलं त्याच वर्गात होती!

गंमत म्हणजे ज्या गणिताच्या सरांबद्दल हे होतं त्यांनी त्यानंतर पेपर हजेरी क्रमांकानं, पालथे घालून वाटायला सुरुवात केली. माझ्याशी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. पण मुख्याध्यापकांनी पुढच्या तपासणीच्या वेळी पेटी पुन्हा दाराशी आणून लावली ती कायमची, आणि निवृत्तीनंतर आजही कुठल्या लग्नात भेटले की "मॅडमच्या पेटीनं पोरं तक्रारखोर झाली" हे चारचौघांत ऐकवतात. सर, तुम्ही हे वाचत असाल तर: पोरं तक्रारखोर झाली नाहीत, पाणी प्यायला लागली.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७० हून अधिक शाळांमधला 'सेहर' नावाचा प्रयोग छापून आला, आपल्या गोव्यातल्या 'संगत' या संस्थेचा. नववीची मुलं. त्यात शाळेसाठी एक माणूस नेमलेला, मानसोपचाराची पदवी वगैरे नाही, शिकवून तयार केलेला. त्याची कामं काय? भित्तिपत्रक, मुलांचे गट, दमदाटी आणि छडीविरुद्ध शाळेचं धोरण, ज्याला गरज त्याच्याशी एकट्यानं बोलणं, आणि हो, चिठ्ठ्यांची पेटी. त्या शाळांत नैराश्याची लक्षणं कमी झाली, मारामाऱ्या आणि छळ कमी झाला, शाळेतलं वातावरण सुधारलं. हाच कार्यक्रम ज्या शाळांत शिक्षकाच्या गळ्यात घातला तिथं काहीच फरक पडला नाही.

ही शेवटची ओळ माझ्या विरोधात जाते असं सर म्हणतील. माझं मत वेगळं आहे. शिक्षकाला जमत नाही कारण शिक्षक मोकळा नसतो. माझा ऑफ तास म्हणजे कुणाचा तरी बदली तास. त्यात शालेय पोषण आहाराची नोंद, 'आजच्या आज माहिती भरा', मतदार याद्यांचं काम, संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणं, आली की आपण अतिरिक्त ठरतो की काय ही धाकधूक. २०२५ च्या सप्टेंबरात नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हा पाचवी ते आठवीला शिकवणारे, केस पिकलेले सहकारी मधल्या सुट्टीत बालमानसशास्त्राची गाइडं चाळत बसले होते. आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर 'सर्वांनी नोंद घ्यावी'. अशा माणसासमोर एखादं पोर रडत आलं तर तो घड्याळाकडेच बघणार. शाळा हेही कुणाचं तरी ऑफिस आहे हे पालक साफ विसरतात. पोरांच्या मनाची काळजी करणाऱ्या माणसाला आधी पाऊण तास रिकामा द्या.

यजमानांच्या कंपनीबद्दल मला घरच्यांकडून कळतं तेवढंच. माझा भाचा हिंजवडीत आहे. कंपनीनं ध्यानाचं ॲप फुकट दिलंय, बुधवारी योग असतो, आणि तो योग चालू असताना साहेबाचे मेसेज येतात. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांच्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला: ॲप, तणाव-व्यवस्थापनाचं प्रशिक्षण, मानसिक लवचिकतेचे वर्ग, असल्या गोष्टींत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा काही बऱ्या स्थितीत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाचा बोजा, कामाचे तास, वरिष्ठांची वागणूक यांवर बोट ठेवलंय. म्हणजे पेपर खालून वाटणारा साहेब बदलायला हवा. ते महाग पडतं, ॲप स्वस्त पडतं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, बाई समुपदेशकाच्या विरोधात आहेत. अजिबात नाही, आणि हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं. स्वच्छतागृहाला कडी लावली म्हणून झोप न येणाऱ्या मुलाला झोप येत नाही. पेटीत एक चिठ्ठी अशीही आली होती की वाचून ग्रंथपालबाई खालीच बसल्या. नाव नव्हतं. अक्षर शोधणार नाही असा शब्द दिलेला. मग आम्ही प्रत्येक वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात १४४१६ हा नंबर लिहिला, म्हणजे 'टेलिमानस', केंद्र सरकारची २०२२ पासूनची चोवीस तासांची फुकट हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. आणि मधल्या सुट्टीत रोज ग्रंथालयात बसायला लागलो, काहीही न विचारता. ती मुलगी आपण होऊन आली. पुढचं काम आमचं नव्हतंच, जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांचं होतं. आमचं काम वडिलांना तिथवर नेण्याचं. "गावात कळलं तर पोरीचं कसं व्हायचं" यावर त्यांच्या ओसरीवर तीन-तीन कप चहा झाला. मुलगी आता बरी आहे, याहून जास्त तिच्याबद्दल लिहिणार नाही. असं काही समोर आलं तर शिक्षकानं स्वतः डॉक्टर व्हायला जाऊ नये, पण 'वय आहे, होतं असं' म्हणून सोडूनही देऊ नये. त्या दिवशी त्या मुलाला एकटं ठेवायचं नाही.

आणि समुपदेशक ही शाळेची मेहेरबानी राहिलेली नाही. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं दिली. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, लहान संस्था असेल तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी. त्यात गुणांवरून तुकड्या पाडणं आणि चारचौघांत पाणउतारा करणं हेही टाळायला सांगितलंय. मी तो भाग छापून काढून शिक्षकांच्या खोलीत लावलाय. कुणाला झोंबायचा त्याला झोंबो.

तर पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत कार्यशाळेला विरोध करू नका, त्यात शक्ती जाते. पेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली ते विचारा. चाचणीचे पेपर कसे वाटतात ते स्वतःच्याच मुलाला विचारा. समुपदेशकाला बसायला कुठली खोली देणार तेही विचारा. बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांच्या खोलीलगतची, काचेच्या पार्टिशनची देतात, दारावर भली मोठी 'समुपदेशन कक्ष' पाटी, आणि मुलाला वर्गातून शिपायाकडून नाव पुकारून बोलावतात. तिथं गेलेल्या पोराला मधल्या सुट्टीत काय नाव पडतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. ग्रंथालय, प्रयोगशाळा, अगदी खेळाच्या सामानाची खोलीही चालेल, जिथं मूल एरवीही जातं. आणि समुपदेशक जे ऐकेल ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार नाही, फक्त मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढंच सांगितलं जाईल, हे लेखी घ्या. तोंडी नको. तोंडी आश्वासनं आमच्या सरांनीही भरपूर दिली होती.