गच्चीवरची तूर

प्रश्न : मावशी, माझ्या सासूबाई अहमदपूरच्या एका दाळमिलमध्ये कामाला होत्या. भूकंपानंतर ती मिल लातूरला गेली. वरण केलं की त्या अजून म्हणतात, "उन्हात वाळवलेल्या दाळीची चव न्यारीच होती." मशिनीत वाळवल्यानं खरंच फरक पडतो का? आणि चांगली चालणारी मिल हलवली कशाला?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, मिलचं नाव तुम्ही लिहिलं नाही, पण भूकंपानंतर लातूरला गेलेली म्हणजे तीच असणार. माझी माय त्या मिलच्या गच्चीवर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही तिच्यासोबत जायची.

तुरीचं टरफल सहजी सुटत नाही. टरफल आणि दाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, सगळा खटाटोप तो सोडवण्याचा. आधी तूर चाळून रोलरवर खरवडायची, म्हणजे टरफलाला ओरखडे पडतात. मग क्विंटलमागे पाव-अर्धा किलो तेल चोळायचं, रात्रभर ढीग ठेवायचा आणि सकाळी गच्चीवर पसरायची. दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. संध्याकाळी पुन्हा ढीग करून ताडपत्री टाकायची, दिवसाची ऊब आत राहावी म्हणून. शेवटी पाण्याचा हबका मारून आणखी एक रात्र. मगच भरडायला.

तूर परतायची ती पायानं. बाया अनवाणी, पाय फरफटत ओळीनं चालायच्या आणि मागं सऱ्या पडत जायच्या. त्याचा सर्रसर्र आवाज खाली रस्त्यावर यायचा. मायच्या टाचांच्या भेगांत तेल आणि टरफलाचा भुगा बसून काळपट पुटं चढायची. रात्री मी ती कोमट पाण्यात फडकं बुडवून काढायची. वळीव आला की मुनीम खालून ओरडायचा आणि साऱ्या जणी पदर खोचून ताडपत्रीकडं पळायच्या. एकदा अर्धी गच्ची भिजली. मालकानं त्या दिवसाची हजरी कापली, ती मायला शेवटपर्यंत लागून राहिली.

आता चवीचं. वाळवणं नीट झालं तर ऊन काय आणि ड्रायर काय, चवीत फार फरक पडत नाही, असं मला वाटतं. सासूबाई खोटं बोलत नाहीत, पण त्यांची चव दुसरीकडून आली. मिलमधल्या बायांना कणी आणि तुकडा दाळ स्वस्तात मिळायची. ती चार दिवसांपूर्वी भरडलेली असायची आणि तिला पॉलिश नसायचं. आपण दुकानातून आणतो ती किती महिन्यांची, कोण सांगणार? पॉलिशनं दाळ चमकते, चवीला काही मिळत नाही. तेव्हा बिनपॉलिशची, ताजी भरडलेली दाळ शोधा. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तुरीच्या दाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती मिळाली तर एकदा सासूबाईंना करून घाला. फोडणीत फक्त लसूण-जिरं, चिंच नको.

मिल गेली ती तूर संपली म्हणून नाही. लातूरच्या आडत बाजारात आवक मोठी, भाव तिथं फुटायचा. तिथं तूर घ्यायची, अहमदपूरला आणायची, दाळ करून पुन्हा तिकडंच पाठवायची, हे भाडं मालकाला परवडेना. त्यात ड्रायर घेतला. ड्रायर आला म्हणजे गच्ची नको, आणि गच्ची नको म्हणजे बाया नकोत. मशीनवरचे चार गडी मालकानं सोबत नेले. गच्चीवरच्या सोळा बायांना कुणी विचारलंसुद्धा नाही. धंद्याचं गणित मला कळतं, ताई, पण महिनाभर आधी सांगायला काय लागत होतं? माय नेहमीसारखी भाकरी बांधून गेली, तेव्हा हमाल रोलर बारदान्यात गुंडाळून ट्रकमध्ये चढवत होते. तिनं खाली उभं राहून भाकरी खाल्ली आणि घरी आली. पुढं ती लोकांची खुरपणी करत राहिली.

मिलच्या जागी आता दुकानं झालीत. गच्ची होती तोवर तिच्यावर तेलाचा पिवळा डाग पावसाळ्यातही दिसायचा.

सासूबाईंना एवढं विचारा, त्या गच्चीवर होत्या का खाली चाळणीवर? गच्चीवर असतील तर उजव्या हातावर तुळस गोंदलेली, उंचीनं ठेंगणी बाई त्यांना आठवेल. तीच माझी माय. आठवली तर मला कळवा.