‘-पी’ म्हणजे नेमकं कुणाचं पोर्ट?

वाचकांचे प्रश्न : डीएचसीपी सर्व्हरची कमांड लाइन आणि तिची माहितीपत्रकं

(डीएचसीपी सर्व्हर म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांना, म्हणजे क्लायंटना, आयपी पत्ते वाटणारा प्रोग्राम. स्विच म्हणजे तो सुरू करताना कमांडपुढे रेघ देऊन लिहायचं अक्षर. या पानावर स्विचची अक्षरं देवनागरीत छापली आहेत. टंकताना ती रोमन घ्यावीत, आकडेही. ‘कॅपिटल’ म्हटलेलं नसेल तिथे लहान लिपीतलं अक्षर समजावं.)

प्रश्न : डीएचसीपी सर्व्हरची मार्गदर्शिका मराठीत लिहितो आहे. ‘ऑप्शन’साठी सगळीकडे ‘पर्याय’ वापरला, पण वाचणारे गोंधळतात. दुसरा शब्द सुचवाल का?

शब्द वाईट नाही, पण त्या एकाच शब्दावर तुम्ही दोन कामं लादलीत. डीएचसीपीत ‘ऑप्शन’ म्हणजे सर्व्हरने क्लायंटला पॅकेटमधून पाठवायची माहिती. मार्च १९९७च्या आरएफसी २१३२ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजामध्ये त्यांना क्रमांक दिलेले आहेत : ३ म्हणजे राउटर, ६ म्हणजे डीएनएस सर्व्हर, ५१ म्हणजे लीजची (ठरावीक काळासाठी दिलेल्या पत्त्याची) मुदत. सर्व्हर सुरू करताना कमांडपुढे जे लिहितो, ते कुठल्याही पॅकेटमध्ये जात नाही. आता ही दोन वाक्यं पाहा : ‘पर्याय ६ द्या’ आणि ‘पर्याय -६ द्या’. पहिल्याने क्लायंटला डीएनएसचा पत्ता मिळतो, दुसऱ्याने सर्व्हर आयपीव्ही६साठी चालू होतो. फरक फक्त एका आडव्या रेघेचा.

पॅकेटमधल्या गोष्टीला ‘डीएचसीपी ऑप्शन’ म्हणा आणि तिचा क्रमांक सोबत द्या. कमांड लाइनवरच्या गोष्टीला ‘स्विच’ म्हणा. कॉन्फिगरेशन फाइलमधलं तिसरं, ते ‘पॅरामीटर’. ही तिसरी वाटणी उगाच नाही. आयएससी या संस्थेच्या डीएचसीपीडी या सर्व्हरच्या फाइलीत राउटरची ओळ ‘ऑप्शन’ या शब्दाने सुरू होते, पण ‘डीफॉल्ट-लीज-टाइम’ तशी होत नाही, जरी तिचा आकडा शेवटी ऑप्शन ५१मधूनच जात असला तरी. वाचक तिच्याआधी ‘ऑप्शन’ लिहून बसतो आणि फाइल वाचतानाच अडते.

प्रश्न : चाचणीसाठी सर्व्हर ‘-पी ६७६७’ देऊन चालवला. क्लायंटला उत्तरच येत नाही. माहितीपत्रकात फक्त ‘-पी : पोर्ट क्रमांक’ एवढंच आहे.

अशा नोंदीने काही कळत नाही. पोर्ट कुणाचं, दुसऱ्या टोकाचं काय होतं आणि स्विच दिला नाही तर काय, या तिन्ही गोष्टी तिच्यात हव्यात. आयएससी डीएचसीपीडीत ‘-पी’ म्हणजे सर्व्हर ज्या यूडीपी पोर्टवर ऐकतो ते. क्लायंटचं पोर्ट स्विचने वेगळं सांगता येत नाही, आयपीव्ही४मध्ये सर्व्हर ते एक मिळवून स्वतः काढतो. नेहमीची जोडी ६७–६८ आहे, म्हणून हा हिशेब. तुमचा सर्व्हर ६७६८वर उत्तर पाठवतो आहे आणि क्लायंट ६८वर कान लावून बसला आहे. क्लायंट आयएससीचाच डीएचक्लायंट असेल तर त्याला ‘-पी ६७६८’ द्या, सर्व्हरचं पोर्ट तो त्यातून एक वजा करून घेतो.

नोंद अशी लिहिता येईल :

‘-पी पोर्ट : सर्व्हर ज्या यूडीपी पोर्टवर ऐकेल ते. न दिल्यास ६७ (‘-६’सोबत ५४७). आयपीव्ही४मध्ये उत्तरं पोर्ट + १वर जातात. फक्त चाचणीसाठी. १०२४च्या वरचं पोर्ट दिलं तरी रूटचे अधिकार लागतातच, कारण सर्व्हर रॉ सॉकेट (नेटवर्कची कच्ची पॅकेटं थेट हाताळणारी जोडणी) उघडतो.’

शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात. मग कुणीतरी ‘वरचं पोर्ट आहे, साध्या वापरकर्त्याने चालेल’ असं धरून चालतो.

दुसऱ्या सर्व्हरसाठी लिहायची वेळ आली तर ही नोंद उचलून चिकटवू नका. किया या आयएससीच्याच नव्या सर्व्हरमध्ये ‘-पी’ सर्व्हरचं पोर्ट आहे आणि कॅपिटल ‘-पी’ क्लायंटचं. बिझीबॉक्सच्या यूडीएचसीपीडीत कॅपिटल ‘-पी’ हेच सर्व्हरचं पोर्ट. डीएनएसमास्कमध्ये तर ‘-पी’चा डीएचसीपीशी संबंधच नाही, ते डीएनएसचं पोर्ट आहे. तिथे शून्य दिलं की डीएनएस बंद पडतं आणि डीएचसीपी चालू राहतं. डीएचसीपीची पोर्टं बदलायची तर तिथे ‘--डीएचसीपी-आल्टरनेटपोर्ट’ हा वेगळा लांब स्विच आहे. आकडे दिले नाहीत तर तो १०६७ आणि १०६८ घेतो.

प्रश्न : ‘-टी’ने फाइल तपासली, एकही चूक नाही. तरी सेवा सुरू होताच बंद पडते. मग ‘-टी’ काय कामाचं?

कामाचं आहे, पण ते काय बघत नाही हे कुठे लिहिलेलं नसतं. ‘-टी’ फाइल वाचतं, व्याकरण तपासतं आणि थांबतं. एखाद्या ओळीचा अर्धविराम राहिला असेल तर फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि ‘सेमिकोलन एक्स्पेक्टेड’ असं दाखवतं. (दाखवलेली ओळ बऱ्याचदा चुकीच्या पुढची असते. अर्धविराम नाही हे सर्व्हरला पुढचा शब्द वाचल्यावरच कळतं.) नेटवर्कला मात्र ते हात लावत नाही. तुमच्या इंटरफेसचा पत्ता ज्या सबनेटमध्ये पडतो त्याची घोषणाच फाइलमध्ये नसेल, तर तपासणी स्वच्छ पार पडते. मग खऱ्या सुरुवातीला सर्व्हर ‘नो सबनेट डिक्लरेशन’ म्हणतो, आणि ऐकायला एकही इंटरफेस उरला नाही तर बाहेर पडतो.

दुसरं कारण याहून साधं, आणि जास्त वेळा सापडणारं. तुम्ही तपासलेली फाइल आणि सेवेने उघडलेली फाइल एकच आहे का? ‘-सीएफ’ दिला नाही तर सर्व्हर पर्यावरणातलं ‘पाथ_डीएचसीपीडी_कॉन्फ’ हे चल बघतो. तेही नसेल तर बांधणीच्या वेळी ठरलेला रस्ता घेतो. तिन्ही असतील तेव्हा कमांड लाइनचं चालतं. सेवा सिस्टिमडीमधून (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्राममधून) सुरू होत असेल तर तिच्या युनिट फाइलमधली ‘एक्झेकस्टार्ट’ची ओळ उघडा, तीत असलेला ‘-सीएफ’चा रस्ता उचला आणि तोच ‘-टी’सोबत द्या. फाइल नेहमीच्या जागी नसेल तर रूट असूनही ‘परवानगी नाही’ असं उत्तर येऊ शकतं. तेव्हा फाइलचे अधिकार बदलत बसण्याआधी ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स या लिनक्सच्या सुरक्षा-यंत्रणांच्या नोंदी बघा.

लीजची फाइलही तपासायची असेल तर कॅपिटल ‘-टी’. ते आधी कॉन्फिगरेशन आणि मग लीज फाइल, दोन्ही वाचतं. नोंदी वर्णानुक्रमे लावल्या तर हे दोन स्विच शेजारी येतात. त्यांच्यातला फरक दोन्ही नोंदींमध्ये लिहा, एकात लिहून दुसरीकडे ‘वर पाहा’ नको.

प्रश्न : त्याच मशिनवर दुसरी प्रत चालवताना ‘सर्व्हर आधीच चालू आहे’ असं आलं. ‘--नो-पिड’ दिल्यावर चालली. हा उपाय पत्रकात घालू का?

नको. तुम्ही घंटेचा आवाज बंद केलात, आग तशीच आहे. पिड फाइलमध्ये चालू प्रोसेसचा क्रमांक असतो, आणि सुरू होताना सर्व्हर तो बघून दुसऱ्या प्रतीला अडवतो. ‘--नो-पिड’ने पिड फाइल लिहिणं थांबतं आणि ती तपासणीही थांबते. सिस्टिमडीसारखा राखणदार प्रोसेसवर लक्ष ठेवून असेल तिथे हा स्विच योग्य, कारण दोन प्रती होऊ न देण्याची जबाबदारी तो घेतो. हाताने चालवताना तसा कुणी नसतो.

शिवाय तुमच्या दोन्ही प्रती आता एकाच लीज फाइलमध्ये लिहीत असतील. डीएचसीपीडी ही फाइल सतत शेवटी जोडत जातो आणि अधूनमधून पूर्ण नव्याने लिहून जुनीच्या जागी ठेवतो. एकाने फाइल बदलली की दुसऱ्याच्या नोंदी गायब. मग एकच पत्ता दोघांना जातो. दुसऱ्या प्रतीला ‘-सीएफ’, ‘-एलएफ’ आणि ‘-पीएफ’ तिन्ही वेगळे द्या आणि शेवटी इंटरफेसचं नाव लिहा. नाव नसेल तर ती चालू असलेल्या सगळ्या इंटरफेसवर ऐकू लागते. ‘-४’ आणि ‘-६’ एका प्रोसेसमध्ये चालत नाहीत, म्हणून दोन्ही लागत असतील तर तिथेही हीच वाटणी.

लीज फाइल नसेल तर सर्व्हर सुरू होत नाही, तो ती स्वतः तयार करत नाही. म्हणून बऱ्याच पत्रकांत ‘टच करून रिकामी फाइल बनवा’ असं सरसकट लिहिलेलं असतं. नव्या बसवणीत ते बरोबर आहे. चालत्या सर्व्हरवर तेच वाक्य घातक ठरतं. नव्याने लिहिताना मध्येच मशिन बंद पडलं, तर मूळ नावाची फाइल नाहीशी होऊन शेवटी ‘~’ असलेली तिची जुनी प्रत मागे राहू शकते. अशा वेळी रिकामी फाइल बनवली की दिलेले सगळे पत्ते सर्व्हर विसरतो आणि वापरात असलेलेच पुन्हा वाटायला घेतो. आधी ‘~’वाली प्रत आहे का बघायचं, असेल तर तिला मूळ नाव द्यायचं. पत्रकात ही अट ‘टच’च्या आधी यायला हवी, तळटिपेत नाही.

प्रश्न : ‘-एफ’ आणि ‘-डी’ एकच ना?

नाही. ‘-एफ’ने सर्व्हर पार्श्वभूमीत न जाता समोर चालतो, नोंदी मात्र सिसलॉग या यंत्रणेच्या नोंदवहीकडे जातात. ‘-डी’ने नोंदी पडद्यावर येतात आणि सर्व्हर आपोआप समोरच राहतो, म्हणजे ‘-डी’त ‘-एफ’ आलंच. दोन्ही जोडून ‘-एफडी’ लिहू नका. डीएचसीपीडी अक्षरं फोडून बघत नाही, वापराची माहिती दाखवून थांबतो. याच कारणाने ‘-सीएफ’ म्हणजे ‘-सी’ आणि ‘-एफ’ नव्हे, आणि ‘-पी६७६७’ असं चिकटवूनही चालत नाही. युनिक्सच्या सवयीच्या वाचकाला हे एका वाक्यात सांगायलाच हवं.

डीएनएसमास्कमध्ये ‘-के’ म्हणजे नुसतं समोर चालणं. तिथला ‘-डी’ समोर चालवतोच, शिवाय पिड फाइल लिहीत नाही आणि वापरकर्ताही बदलत नाही, म्हणजे रूटने सुरू केला तर रूटच राहतो. रोजच्या सेवेत तो ठेवू नये.

प्रश्न : पत्रकातली कमांड उचलून टर्मिनलवर चिकटवली की चालत नाही, हाताने टंकली की चालते. असं का?

रेघेमुळे. वर्ड प्रोसेसर दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ करतो, आणि मॅन पेजच्या (युनिक्सच्या माहितीपत्रकाच्या) स्रोतात नुसती रेघ लिहिली तर ते पान मांडणारा ग्रॉफ हा प्रोग्राम तिचं छापील संयोगचिन्ह करू शकतो. कीबोर्डवरची रेघ यू+००२डी, छापील चिन्ह यू+२०१०. डोळ्यांना सारखीच. डीएचसीपीडीला मात्र पहिलं अक्षर ओळखीची रेघ दिसत नाही, म्हणून तो त्या शब्दाला इंटरफेसचं नाव समजतो. तुम्हाला हवी असते ‘-टी’ची निरुपद्रवी तपासणी, आणि सर्व्हर खराखुरा सुरू व्हायला निघून त्या नावाचा इंटरफेस शोधू लागतो.

मॅन पेजमध्ये स्विचची प्रत्येक रेघ उलट तिरकी रेघ लावून लिहा. वर्ड प्रोसेसरमध्ये कमांडपुरती आपोआप दुरुस्ती बंद करा. छापण्याआधी तयार पीडीएफमधून प्रत्येक कमांड उचलून एकदा चालवून बघा. आकडेही तपासा : स्पष्टीकरणात ६७ देवनागरीत चालेल, पण कमांडमध्ये तो देवनागरीत राहिला तर सर्व्हरला तो आकडा वाटत नाही.

प्रश्न : आयएससीने डीएचसीपीडी थांबवला आहे. तरी त्याचे स्विच लिहीत बसायचं का?

जिथे तो चालू आहे तिथे हो. २०२२च्या अखेरीस देखभाल थांबली, पण बसवलेले सर्व्हर त्या दिवशी बंद झाले नाहीत. कियाकडे जाणाऱ्यांसाठी मात्र जुन्या-नव्याचा एक तक्ता द्या आणि त्यात पहिली ओळ ‘-टी’ची ठेवा. डीएचसीपीडीत ‘-टी’ एकटाच येतो आणि फाइल ‘-सीएफ’ने सांगायची. कियात ‘-टी’च्या लगेच पुढे फाइलचं नाव लागतं. कॅपिटल ‘-टी’ तर दोन्हीकडे वेगळाच : इथे लीज फाइलची तपासणी, तिथे कॉन्फिगरेशनचीच जास्त खोल तपासणी, ज्यात हुक लायब्रऱ्याही (कियाला जोडायचे पूरक भाग) उघडून बघितल्या जातात. नेहमीचा ‘-सीएफ’ कियात नुसता ‘-सी’ होतो, आणि ‘-एफ’ला तिथे जागाच नाही, कारण किया मुळातच समोर चालतो.